तांडेलांचा सत्कार

पिरेयस
ता. ९ सप्टेंबर १९८४

ती. सिमोसदादास,
एव्दोकियाचा सा. न. वि. वि.

तुझं ईस्टरचं कार्ड मिळून किती महिने झाले ते विचारू नकोस, मी आधीच कान पकडते. शाळा उघडायच्या दिवसांत माझ्या दुकानात बटणं आणि इलॅस्टिक घ्यायला ही झुंबड उडते. अख्ख्या पिरेयसच्या पोरांचे गणवेश एकाच आठवड्यात उसवतात की काय, देव जाणे. थोमासचा खोकला बरा आहे. सिगारेट सोडली असं तो सांगतो आणि बायको म्हणून मी विश्वास ठेवल्यासारखं करते.

आता खरी बातमी. बेटावरून सरपंचांचं पत्र आलंय. सरपंच म्हणजे कोण, तर बेकरीवाल्याचा धाकटा, कोस्मास! बाबांनी ज्याला मानगुटीला धरून पाण्यात टाकलं आणि पोहायला शिकवलं, तोच. आता टाय लावतो आणि रस्त्याच्या निधीसाठी महिन्यातले निम्मे दिवस नाक्सोसला साहेबांच्या दारात बसतो. नवा धक्का बांधून झालाय आणि त्याला बाबांचं नाव द्यायचं गावानं एकमतानं ठरवलंय. एकमतानं, दादा, आपल्या गावानं! सहा डिसेंबरला, संत निकोलाओसच्या दिवशी समारंभ आहे. नौदलाचा कमांडर येणार, खलाशांची तुकडी येणार. धक्क्यावर भाषणं झाली की सगळे मिळून स्मशानात जाणार आणि बाबांच्या कबरीवर नौदलातर्फे लॉरेलच्या पानांचं चक्र वाहणार.

कोस्मासनं बाबांची माहिती लिहून मागितली आहे. लिहायला बसले आणि अर्ध्या पानात आटोपलं. बाबा अठराव्या वर्षी नौदलात गेले. युद्धात दोन जहाजं पायाखालून बुडाली. युद्ध संपल्यावर सगळे घरी आले, पण हे पाणसुरुंग वेचणाऱ्या बोटीवर राहिले, कितीतरी वर्षं. खलाशांचे मुकादम, तांडेल म्हणून निवृत्त झाले. मग गावात येऊन मरेपर्यंत लोकांच्या उठाठेवी केल्या. आजाऱ्यांना, अडलेल्या बायकांना स्वतःच्या होडीतून नाक्सोसच्या इस्पितळात पोचवलं. रिकाम्या सुरुंगाचं कवच टांगून शाळेला घंटा करून दिली. किनाऱ्याला एक जिवंत सुरुंग लागला तेव्हा पोरं जवळ जाऊ नयेत म्हणून त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि नौदलाची बोट येईपर्यंत उठले नाहीत. हे सगळं मला मोस्खूला मावशीकडून ठाऊक. बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे आपण कधी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना पेन जड होतं. बाबांना जाऊन जानेवारीत पाच वर्षं होतील. तीन वर्षांनी कबर उघडून अस्थी बाहेर काढायच्या, पोरांनी वाइननं धुवायच्या आणि पेटीत घालून अस्थिघरात आईशेजारी ठेवायच्या, हे आपण केलं नाही. तू म्हणालास, मी आल्याशिवाय उघडू नका, पुरायला नव्हतो तर निदान धुवायला तरी असेन. मी थांबले. चर्चच्या पापा-लूकासनी जहाजावरच्या तिकीटवाल्याकडून दोनदा निरोप धाडला, आणि भाऊ येतोय एवढं सांगून मी तो दोन्ही वेळा परत पाठवला. आपलं स्मशान केवढंसं, सगळा खडक. जागा अडवून बसलोय असं वाटत राहतं. तेव्हा आता ये.

अर्गिरोवहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा. तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. या वेळी तो विमानात बसवून पाठव, ही विनंती.

तुझी,
एव्दोकिया


मेलबर्न
ता. २४ सप्टेंबर १९८४

चि. सौ. एव्दोकियास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि तळणीतले मासे करपवले. मग गिऱ्हाइकांनाच वाचून दाखवलं. एक आयरिश म्हातारा रोज माझ्या बटाट्यांना नावं ठेवतो, त्यानंही टोपी काढली. धक्का! आपल्या तांडेलांच्या नावाचा! ते असते तर म्हणाले असते की दगड चुकीच्या बाजूला टाकलेत. आणि म्हणून झाल्यावर रोज तिथेच जाऊन उभे राहिले असते.

तिकीट काढलं आहे. दोन डिसेंबरला अथेन्सला उतरतो, विमानतळावर रडायला येऊ नकोस. अर्गिरोनं माझ्यासाठी नवा काळा सूट शिवायला टाकलाय. शिंपी म्हणाला पोट आत घ्या, मी म्हटलं हे पोट परदेशी कमाई आहे, ते आत जात नाही.

अस्थींचं तू लिहिलंस ते बरोबर आहे, दोष माझा आहे. दर वर्षी पुढच्या ईस्टरला येतो म्हणायचो आणि ते मला खरंच वाटायचं. बाबा गेल्याची तार आली तेव्हा दुकान नुकतं घेतलेलं होतं. अर्गिरो जा म्हणाली होती, मीच गेलो नाही. तुला आठवतं का, मी ऑस्ट्रेलियाला निघालो त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत? फक्त ट्रंकेची दोरी मी बांधली होती ती सोडून त्यांनी पुन्हा बांधली. तेव्हा मला राग आला होता. आता माझा पोरगा मोटार घेऊन बाहेर पडतो तेव्हा मी चाकांना लाथा मारून बघतो आणि गप्प बसतो.

तर असं करू. सहा तारखेला चक्र वाहून होऊ दे. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले की आपण दोघं, मावशी आणि पापा-लूकास, एवढ्यांतच कबर उघडू. आधी मान, मग आंघोळ. मावशीला लिहून कबरीला चुना लावून घे आणि क्रूसही रंगवायला सांग. कमांडरसमोर शोभा नको व्हायला.

तुझ्या तब्येतीला जप. थोमासला सांग, खोकल्याचा आवाज इथवर येतो. भावाचा लोभ जुना आहे, तसाच चालू ठेव.

तुझा,
सिमोस


॥ संत निकोलाओस प्रसन्न ॥

बेटावरून
ता. १४ ऑक्टोबर १९८४

चि. सौ. एव्दोकिया हिला,
मोस्खूला मावशीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मी सांगते आणि मास्तरीणबाई लिहितात. मधेच काही शहाणपणाचं वाक्य दिसलं तर ते त्यांचं. त्या अथेन्सच्या आहेत आणि सरपंचाची मेहुणी आहेत. पोरगी चांगली आहे, फक्त कॉफी पाणचट करते. हे पण लिही म्हटलं, तर लिहिलंन बिचारीनं.

गुडघा दुखतो. अंजीर बरे झाले, तुझ्यासाठी सुकवून ठेवलेत. काळी शेळी दोनदा पळाली. नवा धक्का बघून आले, गुळगुळीत आहे, माणूस घसरून पडायला उत्तम. उत्तरेचा वारा सुटला की लाट सरळ त्याच्यावरून येणार. तुझा बाप असता तर त्यानं त्या इंजिनेराला कान धरून समुद्राची ओळख करून दिली असती. पण नाव त्याचं देताहेत हे चांगलं झालं. गावाला उशिरा का होईना लाज आहे.

कबरीला चुना लावा म्हणून लिहिलंस. अगं बाई, त्या कबरीत झानिस आहे. गेल्या फेब्रुवारीत गेला म्हातारा. वारा असा की बोट आठवडाभर फिरकली नाही. दुसरीकडे कुदळ मारली की ठणकन खडक लागतो, आणि घरात मढं किती दिवस ठेवणार? तुझ्या बापाची मुदत केव्हाच संपली होती. पापा-लूकास म्हणाले उघडा, आणि उघडली. त्याच्या बकरीनं तुझ्या बापाची नौदलाची टोपी खाल्ली, त्या भांडणावरून झानिस जन्मभर त्याच्याशी बोलला नाही, आणि शेवटी जाऊन निजला कुठे तर त्याच्याच अंथरुणात. असं असतं माणसाचं. चुना त्याच्या पोरांनी लावलाय, बरा लावलाय.

बाकी सगळं भेटीअंती. तू ये. एकटी आलीस तरी ये, आणि थोरल्याला घेऊन आलीस तर दोन कोंबड्या कापीन.

म्हातारीवर माया असू दे. माझी तुझ्यावर आहे ती अंजिरांवरून ओळख.

मोस्खूला


पिरेयस
ता. २१ ऑक्टोबर १९८४

ती. सिमोसदादास,
सा. न. वि. वि.

मावशीचं पत्र सोबत घातलंय. वाच. वाचलंस? आता पुन्हा वाच आणि मला सांग, बाबा कुठे आहेत?

झानिस कुठे आहे ते लिहिलंय, शेळी कुठे गेली ते लिहिलंय, चुना कोणी लावला ते लिहिलंय. बाबांना काढून कुठे ठेवलं, ते लिहिलेलं नाही. मी ते पत्र दिव्याखाली धरलं, उलटं केलं. नाहीच लिहिलेलं.

ज्यांचं कोणी येत नाही त्यांच्या अस्थी कुठे जातात ते तुला ठाऊक आहे. अस्थिघराच्या जमिनीतलं ते झाकण. लहानपणी तू मला त्याच्यावर उभी करून पळून जायचास आणि मी किंचाळायचे. तिथे खाली गेलं की माणूस वेगळा निघत नाही. कुणाचं हाड कुणाचं, कोण सांगणार?

फोन करून बघितला. बेटावर फोन एकच, तो कॉफीच्या दुकानात. पलीकडे फाशांचा खडखडाट ऐकू येत होता. मग कोणीतरी म्हणालं, तांडेलांची एव्दोकिया बोलतेय, आणि फासे थांबले. दादा, अख्खं दुकान माझा श्वास ऐकत होतं. माझ्या बापाच्या अस्थी कुठे आहेत, असं त्या शांततेत कसं विचारायचं? मी हवा कशी आहे ते विचारलं. हवा बरी आहे म्हणाले. मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर ओढून आत बसले.

तुला चार शब्द सुनवायचे म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. तू ये म्हणालास, थांब म्हणालास, आणि आला नाहीस. पण पानभर लिहिलं आणि फाडलं. तू अर्ध्या जगाच्या पलीकडे आहेस. माझ्या दुकानाच्या दारातून ते जहाज दिसतं. संध्याकाळी बसलं की सकाळी बेट. पाच उन्हाळ्यांत एकदाही चढले नाही मी. नणंदेच्या घरी एगिनाला जाऊन पिस्ते खात बसले. भाऊ येतोय हे सांगायला बरं पडत होतं. दोष ढकलायला तू लांब सापडलास, एवढंच.

आता लवकर ये. मला एकटीला त्या स्मशानाच्या दारात उभं राहायचं नाही.

लोभाचं आज काय लिहू? असेल तर पत्राचं उत्तर उलट टपाली दे.

एव्दोकिया


मेलबर्न
ता. ५ नोव्हेंबर १९८४

चि. सौ. एव्दोकियास,
आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून झोप नाही. तिकीट परत केलं आहे. दुकानाच्या परवान्याची तपासणी डिसेंबरातच आली आहे, आणि अर्गिरोची पाठ धरली आहे, ती एकटी तळणीपाशी उभी राहू शकत नाही. तू समजून घेशील.

मी एक विचार केला आहे. कोस्मासला सांग की घरच्यांची इच्छा आहे, चक्र कबरीवर न वाहता समुद्रात सोडावं. खलाशाला समुद्रच शोभतो. कोणाला वावगं वाटणार नाही, उलट डोळे पुसतील. स्मशानात जायचा प्रश्नच येणार नाही. तू फक्त काळा पोशाख घालून उभी राहा आणि हात जोड. मागाहून मावशीला एकटीला गाठून विचार. जे झालं असेल ते झालं असेल. ते झाकण उघडून आपण काही त्यांना शोधू शकत नाही. आणि निदान गावात बभ्रा होणार नाही.

हे लिहून वाचलं आणि माझं मलाच ओशाळं वाटलं, पण खोडत नाही.

खरं लिहितो. तपासणी जानेवारीत आहे आणि अर्गिरोची पाठ ठणठणीत आहे. मला त्या धक्क्यावर उभं राहायचं नाही. लोक माझ्याकडे बघतील आणि त्यांना कळेल. दुकान सोडून येता आलं नाही असा मुलगा म्हणून ते माझं नाव घेतील, ते चालेल मला. बाप हरवलेला मुलगा म्हणून घेतील ते चालणार नाही. सूट शिवून आलाय. अर्गिरोनं तो कपाटात टांगला आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

तुझ्याकडून आज लोभ मागत नाही. वहिनीचा नमस्कार आहे, तो घे.

सिमोस


बेटावरून
ता. ८ डिसेंबर १९८४

ती. सिमोसदादास,
सा. न. वि. वि.

मावशीच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. शाई तिनं मास्तरीणबाईंकडून आणली आहे, बोटांना लागली तर जात नाही. सगळं सांगते, क्रमानं सांगते, मधे उठू नकोस.

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. बोटीतून उतरल्या उतरल्या कोस्मासला समुद्राचं सांगायचं असं ठरवून आले होते. वाक्य पाठ केलं होतं. तू भित्रा आहेस असं म्हणायला माझं तोंड नाही, तुझा सल्ला मला बोटीतच पटला होता. सांगितल्यावर कोस्मास म्हणाला, वा, फार सुंदर कल्पना, कमांडरसाहेबांना सांगतो. झालं, म्हटलं, निभावलं.

समारंभाला सगळं गाव होतं. शाळेची पोरं कंगवा फिरवून उभी केली होती. कोस्मास लांबलचक बोलला आणि स्वतःच्या गटांगळ्यांचा किस्सा सांगताना त्याला रडू आलं, तेव्हा तो मला पहिल्यांदा आवडला. मग कमांडर उठला. तुझ्या थोरल्याच्या वयाचा असेल, गोरा, शिडशिडीत. त्यानं नौदलाच्या दप्तरातून काढून आणलेलं वाचलं. त्यातलं एक तुला ठाऊक नाही, मलाही नव्हतं.

बाबांचं दुसरं जहाज बुडालं तेव्हा त्यांच्या हाताखालचे खलाशी गेले. कोणाचंच प्रेत मिळालं नाही. युद्ध संपल्यावर बाबा पहिल्या रजेत घरी आले नाहीत, आठवतं? आई किती चिडली होती. त्या रजेत ते त्या पोरांच्या घरी गेले, एकेकाच्या, डोंगरातल्या गावांत सुद्धा, काही ठिकाणी गाढवावरून. जाऊन प्रत्येक आईला सांगितलं की तुमचा मुलगा अमुक बेटाच्या दक्षिणेला आहे, तिथे पाणी खोल आणि स्वच्छ आहे. हातानं नकाशा काढून दिला. वरिष्ठांनी विचारलं, हे कशाला, तर म्हणाले, आपलं माणूस कुठे आहे हे घरच्यांना ठाऊक असायला हवं. कमांडरनं हे वाक्य दोनदा वाचलं.

दादा, मी तिथे काळा पोशाख घालून उभी होते.

चक्र घेऊन दोन खलाशी पाण्याच्या बाजूला वळले आणि कोस्मासनं मला पुढे बोलावलं. मी पुढे गेले आणि म्हणाले की समुद्रात नको. म्हणाले की तांडेलांच्या मुलांनी त्यांच्या अस्थी वेळेवर काढल्या नाहीत, त्यांच्या जागी दुसरा माणूस निजलाय, आणि ते कुठे आहेत हे मला माहीत नाही. एवढ्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. माझ्या भावालाही माहीत नाही, हेही म्हणाले. तुला विचारायला हवं होतं, पण विचारायला वेळ नव्हता.

पापा-लूकास दाढीत बघत होते. आता जमीन फाटावी आणि मी त्या झाकणाखाली बाबांजवळ जावं असं वाटलं. तेवढ्यात मोस्खूला मावशी बायकांच्या घोळक्यातून काठी आपटत आली आणि कमांडरला म्हणाली की चक्र घेऊन माझ्या घरी चला, आणि दारात वाकून या, चौकट तुमच्यापेक्षा जुनी आहे.

सगळा समारंभ तिच्या मागून चढ चढला. खलाशांनी वाकून टोप्या काढल्या. कोंबड्या पलंगाखालून बाहेर धावल्या आणि एक कमांडरच्या बुटावरून गेली. खिडकीजवळच्या कोनाड्यात तिचा संत निकोलाओस आहे ना, त्याच्या दिव्याखाली पाइनची एक पेटी होती. झाकण उघडलं. आत पांढरी चादर, तिच्या लग्नातली. चादरीत बाबा होते, दादा. माती लागलेले, जसे निघाले तसे.

मी तिला विचारलं की पत्रात का नाही लिहिलंस. तर म्हणाली, सरपंचाच्या मेहुणीकडून तुमची लाज लिहून घ्यायची होती का? ती परकी, चार ठिकाणी बोलली असती. बेटावरच्या बायकांना ठाऊक होतं, पण ते घरातलं. कोस्मास तेव्हा वाऱ्यामुळे नाक्सोसलाच अडकला होता, त्याला पेटीचं कोणी सांगितलं नव्हतं. झानिसच्या वेळी कबर उघडली तेव्हा अर्धं गाव वाइनच्या सुरया घेऊन आलं होतं म्हणे. कुणाचा मुलगा त्यांच्या होडीत जन्मला होता, कुणाचा नवरा त्यांनी नाक्सोसला वेळेवर पोचवला होता. जो तो म्हणे, आम्ही धुतो. मावशीनं सगळ्यांना परत पाठवलं. म्हणाली की याला आंघोळ घालायचा हक्क याच्या पोरांचा आहे, पोरं मेलेली नाहीत, उशीर करताहेत. न धुता अस्थिघरात ठेवता येत नाही आणि झाकणाखाली ती जाऊ देणार नव्हती, म्हणून पाठीवर बांधून घरी आणलं. तेव्हापासून तिनं त्या खिडकीत कपडे सुद्धा वाळत घातले नाहीत.

कमांडरनं चक्र पेटीवर ठेवलं. एका खलाशानं तांडेलाची शिट्टी वाजवली, त्या एवढ्याशा खोलीत. कान फाटायची वेळ आली. बाहेर कोस्मास हुंदके देत होता आणि मास्तरीणबाई त्याला रुमाल देत होत्या.

काल धुतलं. अंगणात, उन्हात, मावशीनं दाखवलं तसं. तिनं हात लावला नाही, फक्त सुरईतून ओतत होती. आधी पाय, मग गुडघ्यांच्या वाट्या, मग बोटं. बोटं इतकी लहान असतात हे मला माहीत नव्हतं. हाडं पिवळी, स्वच्छ निघाली. मावशी म्हणाली, पिवळी म्हणजे जीव तृप्त आहे. मी म्हटलं, आमच्यावर रागावून गेले असतील, तर ती म्हणाली की रागावलेल्याची काळी निघतात, मी बघितली आहेत. मी क्षमा मागितली आणि रडले. पुन्हा धुतलं. उन्हात वाळत घातलं आणि शेजारी बसून राहिले, कोंबड्या हाकलत.

डोकं शेवटी उचललं. कपाळाला ओठ लावले. आणि धुतलं नाही. माती होती तशी राहू दिली, कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत बाकीच्या हाडांवर ठेवलं. तू थोरला आहेस. सुरईत वाइन उरली होती, मावशीनं तिला बूच मारलं आणि सुरई कोनाड्यात ठेवली.

पेटी अजून तिच्याच घरी आहे. सगळं धुऊन झाल्याशिवाय अस्थिघरात जात नाही. पापा-लूकास म्हणाले की थांबू, इतके दिवस थांबलो. तुझ्याबद्दल गावात कोणी वाईट बोललं नाही. तो केव्हा येतोय, एवढंच विचारतात, आणि मी या वेळी उत्तर दिलं नाही. ते तुझं तू दे.

तुझ्यावर राग नाही. लोभ पूर्वीसारखाच आहे, आणि आता त्याच्यात मातीही लागली आहे.

तुझी,
एव्दोकिया


मेलबर्न
ता. २२ डिसेंबर १९८४

ती. मोस्खूला मावशीस,
सिमोसचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र मास्तरीणबाईंना मोठ्यानं वाचू दे. आता त्यांच्यापासून लपवण्यासारखं माझ्यापाशी काही राहिलं नाही.

मी निघालोय. जानेवारीतल्या पाण्यात क्रूस टाकायच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी जे जहाज लागेल त्यात असेन. अर्गिरो सोबत येते आहे. दुकान पोरगा सांभाळेल, नाही सांभाळलं तर बंद राहील. कोंबड्या कापू नकोस. मी त्या लायक नाही, आणि एव्दोकियानं लिहिलं त्यावरून त्यांनीही समारंभात बराच त्रास सोसला आहे.

मावशी, मी तुझे आभार कसे मानू ते मला सुचत नाही, म्हणून मानत नाही. माझा बाप तू पाठीवरून घरी आणलास. मी चोवीस वर्षं इथे बसून लोकांना तळलेले मासे गुंडाळून देतोय.

एव्दोकियानं सगळं लिहिलं, पण कसं करायचं ते लिहिलं नाही, आणि तिला विचारायची मला लाज वाटते. म्हणून तुला विचारतो. डोकं डाव्या तळहातावर धरायचं की मांडीवर ठेवायचं? वाइन कपाळावरून ओतायची की मागून? कोमट करायची का? ते म्हातारपणी थंड पाण्यानं तोंड धुवायचे नाहीत, असं आईनं एकदा पत्रात लिहिलं होतं. माझे हात ओबडधोबड झालेत, तेलानं भाजलेत, चालतील का?

आणि धुताना बोलायचं असतं का? बोलायचं असेल तर मला धक्क्यावरच सांग, म्हणजे चढ चढेपर्यंत मी जुळवीन. मी जहाजात चढलो त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी हवापाण्यापलीकडे काही बोललो नाही. सुरुवात कुठून करायची ते मला येत नाही.

तुझ्या पायांशी जागा असू दे.

तुझा उशीर केलेला,
सिमोस